‘मी येणार नाही’ म्हणणारा कॅप्टन

माझ्याकडचं ‘टिनटिन इन तिबेट’ हे कॉमिक आता इतकं खिळखिळं झालंय की कपाटातून दोन्ही हातांनी काढावं लागतं, नाहीतर मधली पानं सुटून खाली पडतात. काकाने ते १९८६ साली फाउंटनच्या फुटपाथवरून घेतलं होतं, सेकंडहँड, आणि मुंबईहून पुण्याला येताना एका पिशवीत बटाटे, दुसऱ्या पिशवीत हे, असं घेऊन आला. मी सहावीत. मराठी मिडियम, इंग्लिश पाचवीपासून सुरू झालेलं, म्हणजे ‘दिस इज अ पेन’च्या थोडं पुढे. त्यामुळे पहिले कितीतरी महिने मी ते पुस्तक वाचलं नाही, नुसतं बघितलं. आणि बघण्यासारखं त्यात काय होतं तर बर्फ. पानंच्या पानं पांढरी, त्यात तीन छोटी माणसं, एक कुत्रा, आणि एक माणूस सारखा चिडलेला.

चिडलेला म्हणजे कॅप्टन हॅडॉक, टिनटिनचा दोस्त. त्याच्या शिव्या काकाला फार आवडायच्या. ‘बिलियन्स ऑफ ब्लू ब्लिस्टरिंग बार्नकल्स’ म्हणजे काय असं विचारलं तर काका म्हणाला, बोटीच्या बुडाला चिकटणारा शिंपल्यासारखा एक प्राणी असतो, त्याच्या नावाने तो बोंबलतोय. मग आम्ही दोघांनी त्याचं मराठी केलं, ‘अरे निळ्या तोंडाच्या कोट्यवधी बोंबलांनो’. हे मी एकदा शाळेत वापरलं आणि बाकावर उभा राहिलो, पण ते असो.

गोष्ट खरं तर दोन वाक्यांची आहे. टिनटिन, म्हणजे या कॉमिक्सचा हिरो, एक तरुण बातमीदार, आणि कॅप्टन फ्रान्सच्या आल्प्समधे सुट्टीला गेलेत, हॉटेलात बुद्धिबळ खेळता खेळता टिनटिनचा डोळा लागतो आणि त्याला स्वप्न पडतं की त्याचा चिनी मित्र चँग बर्फात अर्धा गाडला गेलाय आणि हाका मारतोय. तो असा काही ओरडून उठतो की सगळं हॉटेल दचकतं. दुसऱ्या दिवशी कळतं की पाटण्याहून काठमांडूला जाणारं जे विमान हिमालयात पडलंय त्यात कोणी वाचलेलं नाही, आणि चँग त्याच विमानात होता. झालं. तो जिवंत आहे, मला माहितीय, एवढंच टिनटिनचं म्हणणं आणि पुढची सगळी पानं त्याचा शोध.

व्हिलन नाही. पिस्तुल नाही. चोर नाहीत, खजिना नाही, टिनटिनच्या बाकी पुस्तकांतले ते दोन मिशीवाले डिटेक्टिव्हसुद्धा नाहीत. एका साहसकथेतून हे सगळं काढून टाकायला किती हिंमत लागत असेल हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं, मला वाटलेलं सगळ्याच कॉमिक्स अशा असतात. मग मित्रांकडे इंद्रजाल वाचायला मिळाली तेव्हा कळलं की नाही, बाकी सगळीकडे कोणीतरी कोणाच्या तरी तोंडावर ठोसा मारत असतं.

ज्याने हे काढलं तो एर्जे. आम्ही त्याला हर्ज म्हणायचो, कारण इंग्लिशमधे तसंच दिसतं. खरं नाव जॉर्ज रेमी, आद्याक्षरं उलटी केली, आर आणि जी, त्याचा फ्रेंच उच्चार एर्जे. ब्रसेल्सचा माणूस, जन्म १९०७. जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर हा त्यांच्या ताब्यातल्या ‘ल स्वार’ पेपरात टिनटिन काढत राहिला, त्यामुळे १९४४ मधे जर्मन गेल्यावर त्याला पकडलं, सोडलं, परत पकडलं, आणि काही काळ कुठल्याच पेपरात काम करायची बंदी झाली. त्याला वर काढला रेमाँ लब्लांने, जो स्वतः जर्मनांविरुद्ध भूमिगत लढलेला, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखवता येणार नाही असा माणूस. दोघांनी मिळून सप्टेंबर १९४६ मधे ‘टिनटिन’ नावाचं साप्ताहिकच सुरू केलं. आपली तिबेटची गोष्ट त्याच साप्ताहिकात सप्टेंबर १९५८ ते नोव्हेंबर १९५९ दर आठवड्याला थोडी थोडी आली आणि १९६० मधे पुस्तक निघालं, ६२ पानांचं.

ते काढत असताना एर्जेची अवस्था वाईट होती. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली, आणि हा स्वतःच्याच स्टुडिओतल्या रंग भरणाऱ्या फॅनी नावाच्या मुलीच्या प्रेमात. पक्का कॅथलिक संस्कार, बायकोला सोडायचं म्हणजे पाप, नाही सोडायचं म्हणजे खोटेपणा, आणि रात्री स्वप्नं पडायला लागली. पांढरी. एकात तर एका पांढऱ्या कोनाड्यातून पांढरा सांगाडा त्याला पकडायला येतो आणि मग सगळंच पांढरं होऊन जातं. तो झुरिकला मानसोपचारतज्ज्ञ युंगच्या एका शिष्याकडे गेला, त्या डॉक्टरचं नाव रिकलिन, तो म्हणाला काम बंद करा. याने ऐकलं नाही. उलट ज्या पांढऱ्याला घाबरून झोप उडाली तेच घेऊन बासष्ट पानं भरली. मुखपृष्ठसुद्धा जवळजवळ पूर्ण पांढरं केलं होतं, प्रकाशक म्हणाला अहो दुकानात दिसणार कसं हे, तेव्हा मागे निळसर डोंगर टाकले. प्रकाशकाचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ते डोंगर नसलेलं कव्हर मला बघायला आवडलं असतं.

आणि गंमत म्हणजे हा माणूस तिबेटला गेलेलाच नव्हता. सगळं कात्रणांवरून, फोटोंवरून, प्रवासवर्णनांवरून. गोष्टीत जो बर्फमानव येतो त्याची माहिती त्याच्या बर्नार ह्यूव्हेलमान्स या मित्राकडून घेतलेली, जो न सापडलेल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा, आणि अन्नपूर्णा चढलेल्या मॉरिस हर्झोगकडून पाऊलखुणांच्या गोष्टी ऐकलेल्या. तेव्हा या विषयाची हवाच होती, १९५१ मधे एरिक शिप्टन या गिर्यारोहकाने बर्फातल्या मोठ्या पावलांचे फोटो आणले होते, १९५४ मधे तर इंग्लंडच्या एका पेपरने यती शोधायला पूर्ण मोहीम पाठवली होती.

यती. हा शब्द मी जेव्हा काकाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आपला यती वाटला. संन्यासी. यति, जोगी, बैरागी त्यातला. म्हणजे माझ्या डोक्यात कितीतरी दिवस ही गोष्ट अशी होती की हिमालयात एक साधू आहे, तो फार वर्षं आंघोळ न केल्यामुळे तसा दिसतो, आणि त्याने एका मुलाला पळवून नेलंय. आजीलासुद्धा मी तीच गोष्ट सांगितली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर दिल्लीचा भाग. टिनटिन आणि कॅप्टन काठमांडूला जाताना दिल्लीत उतरतात, हातात काही तास असतात म्हणून कुतुबमिनार बघतात, लाल किल्ला बघतात, आणि रस्त्यात एक गाय बसलेली असते. कॅप्टनला विमान गाठायची घाई, तो म्हणतो ओलांडून जातो, एक पाय टाकतो, आणि गाय उठते. कॅप्टन गायीवर, गाय दिल्लीच्या रस्त्यातून सुसाट. आता यात अपमान वगैरे शोधायचा तर शोधता येतो, परदेशी लोकांना भारत म्हटलं की रस्त्यातली गायच दिसते हे खरंच आहे, पण मला विचाराल तर मी स्वतः लक्ष्मी रोडला बसलेल्या गायीपुढे स्कूटर बंद करून उभा राहिलोय आणि माझी तिला ओलांडायची हिंमत झालेली नाही. शिवाय एर्जेच्या आधीच्या पुस्तकांमधला भारत म्हणजे महाराजे आणि फकीर. इथे निदान विमानतळ आहे, टॅक्सी आहे, आणि हसं होतंय ते साहेबाचं.

विमानावरून मात्र खरंच भांडण झालं. साप्ताहिकात गोष्ट चालू असताना पडलेल्या विमानाच्या कंपनीचं नाव एर्जेने सरळ एअर इंडिया दिलं होतं. कंपनीने आक्षेप घेतला, आमची विमानं पडत नाहीत, बदनामी आहे ही, असा एकूण सूर. एर्जेने नाव बदलून सारी-एअरवेज केलं. सारी म्हणजे साडी. पुस्तकात तेच आहे.

मी हे काकाला सांगितलं तेव्हा तो रिटायर झालेला होता. काकाने सगळी नोकरी सांताक्रूझच्या हँगरमधे काढली, विमानांच्या मेन्टेनन्समधे, नखांच्या कडेला कायम काळं ऑइल. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, ‘पडत नाहीत कशी? मलबार प्रिन्सेस?’

मलबार प्रिन्सेस हे एअर इंडियाचं ते विमान ज्याने ८ जून १९४८ ला मुंबई-लंडन सर्व्हिस सुरू केली. लॉकहीड कॉन्स्टेलेशन, शेपटीला तीन पंख असलेलं, काकाच्या मते जगातलं सगळ्यात देखणं विमान. ३ नोव्हेंबर १९५० ला तेच विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला जाताना जिनिव्हाच्या अलीकडे माँ ब्लांवर आदळलं. ४८ माणसं, एकही वाचलं नाही. खालच्या शामोनी गावातून शोधपथक निघालं, त्यातला रने पेयो नावाचा वाटाड्या वर जाताना बर्फात गेला. म्हणजे जे आधीच मेले होते त्यांना शोधायला गेलेला माणूस मेला. आणि पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, परत तिथेच, त्याच डोंगरावर एअर इंडियाचं बोइंग ७०७ पडलं, ११७ माणसं, त्यात होमी भाभा. त्या विमानाचं नाव कांचनजंगा. काका तेव्हा नोकरीत नवीन होता. त्याने त्या विमानाच्या चाकांचं काम केलेलं होतं की तसल्या दुसऱ्या विमानाच्या, हे तो प्रत्येक वेळी वेगळं सांगायचा.

मला जे नंतर नकाशा उघडून कळलं ते असं की माँ ब्लां फ्रान्सच्या ज्या भागात येतो, ओत साव्हुआ, त्याच भागात टिनटिन सुट्टीला गेलेला असतो. म्हणजे एर्जेने खोटं विमान हिमालयात पाडलं आणि त्याचं स्वप्न दाखवलं त्या डोंगरांत जिथे खरं विमान पडलं होतं. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण मला ते आता वेगळं करून वाचता येत नाही. त्या ग्लेशियरमधून अजून वस्तू बाहेर येतायत, २०१२ मधे भारत सरकारच्या टपालाची थैली मिळाली, २०२० मधे इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी असलेले १९६६ चे पेपर मिळाले, वाचता येण्यासारखे.

लहानपणी मला टिनटिन व्हायचं होतं, सगळ्यांनाच असतं. आता पन्नाशीला आलोय आणि पुस्तक वाचताना माझं लक्ष कॅप्टनवरच असतं. कारण टिनटिनचं सोपं आहे हो. त्याला खात्री आहे. ज्याला खात्री आहे तो चालतच राहणार, त्याच्या पायात आपोआप बळ येतं. कॅप्टनला खात्री नाहीये. कॅप्टनला माहितीय की पोरगा मेलेला आहे. विमान पडलंय, दिवस उलटलेत, शेर्पा थार्के पण तेच सांगतोय, आणि थार्केइतकं डोंगर कोणाला कळतो? तरी कॅप्टन काय करतो, तर म्हणतो, तू जा तिबेटला, मी येणार नाही, म्हणजे नाही, मला वेडबिड लागलेलं नाही. आणि पुढच्या चित्रात तो टिनटिनच्या बरोबर असतो. हे एकदा नाही, पुस्तकभर चालतं. प्रत्येक वेळी त्याचा मुद्दा बरोबर असतो, आणि प्रत्येक वेळी तो मुद्दा मांडून झाला की सॅक उचलतो.

सगळ्यात भारी पान दोराचं. कॅप्टन कड्यावरून घसरतो आणि दोरावर लटकतो, वरती टिनटिन त्याला धरून. ओढून घेता येत नाही, खाली सोडता येत नाही, हळूहळू दोघंही जाणार. कॅप्टन म्हणतो दोर काप. टिनटिन म्हणतो शक्य नाही. मग कॅप्टन स्वतःच खिशातून चाकू काढतो. एवढा आरडाओरडा करणारा माणूस, आणि इथे अगदी शांतपणे, दोघं जाण्यापेक्षा एक गेलेला बरा. पण थंडीने बोटं बधिर झालेली, चाकू उघडता उघडता हातातून सुटतो आणि खाली जातो. त्यावर तो परत चिडतो! मला ते चित्र बघून अजून हसू येतं आणि अजून पोटात कसंतरी होतं, दोन्ही एकदम. वाचवायला येतो तो थार्के, जो परत फिरलेला असतो, त्यालाही पटलेलं नसतं तरी मागे आलेला.

आमच्या घरातला कॅप्टन म्हणजे काका, हे मला खूप उशिरा समजलं.

आजीचा धाकटा भाऊ अठराव्या वर्षी घरातून निघून गेला होता, काकाच्या जन्माच्याही आधी. भांडण नाही, काही नाही, चप्पल दाराशी ठेवून गेला एवढंच आजी सांगायची. मग कोणीतरी कधीतरी सांगितलं की तो बैरागी झालाय, आळंदीला एका दिंडीबरोबर दिसला. झालं, तेव्हापासून दर वर्षी पालख्या पुण्यात आल्या की आजी बघायला जाणार. एक दिवस भवानी पेठेत माउलींची, एक दिवस नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांची. दर्शनाला नव्हे, माणसं बघायला. बायका पादुकांना हात लावायला ढकलाढकली करायच्या आणि ही रस्त्याच्या कडेला एका पायरीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. कपाळावर डावीकडे खोक पडलेली खूण, तेवढा एकच पुरावा. पन्नास वर्षांनी ती खूण दिसणार तरी कशी, वरून गंध, अबीर.

आणि काका, जो देव मानत नाही, वारी मानत नाही, आपला मामा जिवंत आहे हे तर अजिबात मानत नाही, तो दर वर्षी रजा टाकून मुंबईहून यायचा. आल्या आल्या सुरुवात. ‘आई, मी या वर्षी येणार नाही. तुझे गुडघे बघ. पाऊस बघ. तो माणूस असेल तर सत्तरीचा असेल, तुला ओळखणार नाही, तू त्याला ओळखणार नाहीस.’ सगळं बरोबर. आजी काही बोलायची नाही, पिशवीत पाण्याची बाटली आणि दशम्या भरायची. आणि मग काका छत्री शोधायला लागायचा. ‘छत्री कुठेय? मी येत नाहीये, पण छत्री कुठेय?’

मी दोनदा गेलोय त्यांच्याबरोबर. काका आजीच्या मागे छत्री धरून उभा, स्वतः अर्धा भिजलेला, आणि सारखी कटकट, गर्दीवर, चिखलावर, केळ्याच्या सालींवर. पण मी बघितलं, तो पण बघत होता. म्हाताऱ्यांच्या कपाळाकडे.

एर्जेचा खरा चँग होता. झांग चोंगरेन, शांघायचा, ब्रसेल्सला शिल्पकला शिकायला आलेला. १९३४ मधे दोघं भेटले, दोघंही १९०७ चेच. चीनबद्दल काहीतरी ऐकीव खरडण्यापेक्षा आधी नीट माहिती घे, हे एर्जेला या मुलाने शिकवलं, आणि चीनवरच्या ‘द ब्लू लोटस’मधल्या दुकानांच्या पाट्यांवरची चिनी अक्षरंसुद्धा त्यानेच लिहिली, त्यात जपानविरुद्धच्या घोषणा, ज्या बेल्जियममधे बहुतेकांना वाचता आल्या नाहीत. १९३५ मधे तो परत गेला, मग युद्ध, मग क्रांती, पत्ता तुटला. तिबेटची गोष्ट काढताना एर्जेला तो जिवंत आहे की नाही हे माहीत नव्हतं. सांस्कृतिक क्रांतीत त्याचेही हाल झाले. सत्तरच्या दशकात कधीतरी पत्ता लागला, आणि १९८१ च्या मार्चमधे झांग ब्रसेल्सला आला. विमानतळावर कॅमेरेवाल्यांची झुंबड, दोन म्हातारे एकमेकांना धरून उभे. एर्जे आजारी होता, दोन वर्षांनी गेला. ती भेट बघून मला आनंद व्हायला हवा, पण एवढ्या कॅमेऱ्यांसमोर सेहेचाळीस वर्षांनी भेटलेल्या माणसाशी काय बोलायचं, असंच वाटत राहतं.

एक गोष्ट मात्र मला खटकते. साप्ताहिकात ही गोष्ट चालू असतानाच, मार्च १९५९ मधे ल्हासात उठाव झाला, दलाई लामा निसटले आणि ३१ मार्चला भारताच्या हद्दीत आले. पुस्तकात त्याचा मागमूस नाही. तिथले लामा भोळे, गमतीशीर, एक तर समाधीत हवेत तरंगतो, आणि एकही सैनिक दिसत नाही. कदाचित म्हणूनच ते तिबेट टिकलं असेल, माहीत नाही. पुढे २००१ मधे चीनमधे याचं भाषांतर निघालं त्याचं नाव ‘टिनटिन इन चायनाज तिबेट’ असं केलं होतं, फॅनीने, म्हणजे तीच, आता एर्जेची विधवा, आक्षेप घेतल्यावर नाव पूर्ववत झालं. आणि २००६ मधे खुद्द दलाई लामांच्या हस्ते एर्जेच्या संस्थेला सन्मान मिळाला.

आता शेवट सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, साठ-पासष्ट वर्षं झाली पुस्तकाला, चालेल. चँग सापडतो. यतीच्या गुहेत, तापाने फणफणलेला पण जिवंत. यतीनेच त्याला उचलून आणलेला, खायला घातलेलं, जपलेलं. टिनटिन फोटो काढायला जातो, फ्लॅश उडतो, आणि तो एवढा अवाढव्य प्राणी घाबरून पळून जातो. चँग त्याला भयंकर वगैरे म्हणू देत नाही कोणाला. उलट म्हणतो की तो कोणाला कधी सापडू नये, नाहीतर त्याला जनावरासारखं वागवतील. आणि शेवटच्या चित्रात यांचा तांडा लांब, छोटा होत निघालाय, आणि पुढे तो यती एकटा, तिकडे बघत.

आजीला मी ही गोष्ट सांगितली होती म्हणालो ना, साधू समजून. तिला ते पुस्तक दाखवलं तेव्हा तिने चष्मा पुसला, पुस्तक उजेडाकडे धरलं आणि शेवटचं पान बराच वेळ बघितलं. काका शेजारीच पेपर वाचत बसलेला. मी म्हटलं, आजी, हाच तो यती.

‘केस किती वाढलेत,’ आजी म्हणाली. मग थोड्या वेळाने काकाला म्हणाली, ‘अंगावर काही नाही रे ह्याच्या, एवढ्या थंडीत.’

काकाने पेपर खाली केला, चित्र बघितलं, आणि म्हणाला, ‘या वर्षी मी येणार नाहीये हां, आधीच सांगतोय.’